मंगळवारचं रक्त

मावशी पहिल्यांदा खोलीत शिरल्या तेव्हा खिडकीतला उजेड अदबीने बाजूला सरला आणि आता खुर्च्याही उठून उभ्या राहतात की काय, असं डॉक्टरीणबाईंना वाटलं. मावशी म्हणजे रुग्णालयात सव्वीस वर्षं रक्त काढणाऱ्या बाई. देह पिंपाएवढा, पण हात इतका हलका की सुई टोचली हे शिरेला दुसऱ्या दिवशी कळावं. त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. थेट कोपराच्या खोबणीत बोट दाबलं.

"शीर झकास आहे," त्या म्हणाल्या. "माणूस मात्र उपाशी दिसतंय."

माणूस खरंच उपाशी होतं. डॉक्टरीणबाईंची पदवी एका संशोधनावर अडकली होती आणि मुदत संपत आली होती. विषय पीसीओएस. म्हणजे पाळी मनात आलं तर येते, नाहीतर तीन-तीन महिने तोंड दाखवत नाही. वजन वाढतं, हनुवटीवर नको ते केस उगवतात. अशा बायकांच्या रक्तातली साखर, चरबी आणि प्रथिनांचे बारीक तुकडे इतर बायकांपेक्षा वेगळे असतात का, ते मोजायचं होतं. अट एकच : रक्त देणारी बारा तास उपाशी हवी.

रक्त काढायला मंगळवारी मावशी असत आणि का कोण जाणे, रांगही त्याच दिवशी सर्वांत लांब लागे. बाकीच्या दिवशी दुसऱ्या एक बाई, ज्या सुईइतकंच मोजकं बोलत.

तीन महिन्यांनी आकडे आले आणि डॉक्टरीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. उपाशी शरीर साठवलेली चरबी वितळवून रक्तात सोडतं. मंगळवारच्या बायकांच्या रक्तात ती नावाला होती, साखर मात्र चढलेली. आजार असो वा नसो, सगळ्यांचं तेच. हा नक्की एखादा नवाच प्रकार. त्यांनी मनातल्या मनात त्याला नावही ठेवलं आणि आईला फोन केला.

"आई, मला काहीतरी सापडलंय."

"डब्याचं झाकण का गं?" आई म्हणाली. "दोन महिने शोधतेय मी."

संशोधनाच्या मार्गदर्शक सरांनी आकडे पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. "आजाराला वार कळतो होय? जा, एक मंगळवार तिथे बसून ये."

डॉक्टरीणबाई मावशींच्या खोलीत एका कोपऱ्यात जाऊन बसल्या. दाराशी कागद भरला जात होता. काही खाल्लंय का? नाही. उत्तर शंभर टक्के खरं. मग रक्त देणारी बाई आत आली. मावशींनी तिला खुर्चीत बसवलं, कपाटाच्या खालच्या खणातून गोल डबा काढला, साखर लावलेली चार बिस्किटं आणि कपभर चहा पुढे केला. मग अर्धा तास सासू, भाडेकरू आणि गुडघे या विषयांवर सांगोपांग चर्चा. त्यानंतर सुई.

"मावशी, हे काय?"

"काय म्हणजे? शीर फुलायला नको? सव्वीस वर्षांत माझ्या खुर्चीतून एकही माणूस चक्कर येऊन पडलेलं नाही."

"पण त्या उपाशी हव्यात ना."

"उपाशीच येतात की. बाहेर लिहून घेतात."

"आणि आत तुम्ही खायला घालता."

"बिस्किट जातं पोटात," मावशी समजुतीने म्हणाल्या, "रक्त काढते मी हातातून."

खुर्चीतल्या बाईने कप सोडला नाही. "डॉक्टर, जाईन तिथे कमी खा, कमी खा. ही एकच जागा आहे जिथे कुणी खा म्हणतं."

मंगळवारच्या रांगेचं कोडं डॉक्टरीणबाईंना तेव्हा उलगडलं. त्यांनी आकड्यांचा कागद मावशींपुढे धरला. "ही तुमची बिस्किटं. रक्तात दिसतात."

मावशींनी चष्मा लावला. "चारही?"

"चारही. चहातली साखरसुद्धा."

मावशींनी आपणहून डब्याचं झाकण लावलं. ही घटना रुग्णालयाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी होती. "मग तुमची पदवी?"

"मंगळवारच्या सेहेचाळीस जणींचं रक्त पुन्हा मिळालं तर आहे. नाहीतर गेली."

"येतील. मी बोलावते."

त्यांनी एकेकीला स्वतः फोन केला. डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. बिस्किटं आता सुईनंतर. सेहेचाळीसही जणी आल्या. तिसऱ्या मंगळवारी एक चांगली धडधाकट बाई सुई निघता निघता खुर्चीतून घसरली. मावशींनी एका हाताने तिला अलगद झेललं, दुसऱ्या हातातली नळी हलू दिली नाही. तिला शुद्धीवर आणून घरी धाडल्यावर त्या स्टुलावर बसल्या.

"सव्वीस वर्षं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी कुलूप काढलं आणि चार बिस्किटं मोजून त्यांच्या हातावर ठेवली. मावशींनी ती चारही खाल्ली.

डॉक्टरीणबाईंना पदवी मिळाली. नवा प्रकार काही निघाला नाही. जे फरक इतरांना आधीच सापडले होते, तेच सापडले. छापील निबंधात मावशींवर एक ओळ आहे : सेहेचाळीस नमुने पुन्हा घेण्यात आले.