आधी शाई तपासा

डॉ. निर्मला आगवेकर बाईंना मी पहिल्यांदा भेटलो ते त्यांच्या डोंबिवलीतल्या लॅबमध्ये, नव्वदच्या दशकात. मी कल्याणच्या एका इस्पितळात नवखा डॉक्टर होतो. हातात जयेशच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याची बाटली होती. जयेश ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. त्याच्या आईने, हिराबाईंनी, त्याला आपली किडनी दिली होती. शरीराने ती परकी मानू नये म्हणून चालू असलेल्या गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती पार खाली आणली होती. डोकेदुखीने तो गडाबडा लोळत होता आणि आम्ही मेंदूचा टीबी समजून औषधं देत होतो.

बाईंनी त्या पाण्याच्या थेंबात चक्क चित्रकलेची काळी शाई मिसळली. मी बघतच राहिलो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या काळ्यात गोल पेशी दिसल्या, भोवती पांढरी वलयं. बुरशी, थेट मेंदूपर्यंत पोचलेली. मी फोनकडे धावलो, तशा बाई कडाडल्या, "बसा. आधी शाई तपासा. जुन्या शाईतही बुरशी धरते."

बुरशीवरचं औषध किडनीच्या मुळावर येणारं. निदान चुकलं तर आईची किडनी जाणार, थांबलो तर मुलगा. बाईंनी नुसती शाई पाहिली, तीत काही नव्हतं. तरी मला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळून नवी बाटली आणवली. वलयं पुन्हा दिसली.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः कल्याणला आल्या. घरच्यांना सगळं सांगायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. बाईंनी तो माझ्यादेखत मोडला. आमचं निदान चुकलं होतं हेही सांगितलं आणि नव्या औषधाने किडनी जाऊ शकते हेही. हिराबाई शांतपणे म्हणाल्या, "गेली तं जाव दे, बाय. दुसरी हाय नं माजेकरं."

बाई मटकन खुर्चीत बसल्या.

औषध चढू लागलं की जयेशला हुडहुडी भरायची. बाई लॅब बंद करून यायच्या, त्याच्या उशाशी बसायच्या, किडनीच्या तपासण्या स्वतः करायच्या. किडनी कुरकुरली, पण टिकली. जयेश वाचला. त्याच्या घरून आजही बाईंकडे सुकट येते. शुद्ध शाकाहारी बाई नाक न मुरडता ती ठेवून घेतात. ती खातं कोण, हे मला चांगलं ठाऊक आहे.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या अंकासाठी मी हिराबाईंकडे दोन शब्द मागितले. "माजा आयुष्य बायला लागू दे," एवढंच त्या म्हणाल्या. मी हबकलो. असं आपण सगळेच म्हणतो, पण हिराबाई म्हणतात ते देतात.

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि ते हिराबाईंकडून घ्यायची वेळ न येवो.