तीन उजेडांत सात उत्तरं

तपासनिसाचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. सहाच्या पाळीला हौदातलं पाणी उकळतं हवं, म्हणून. तो खरा तपासनीस नव्हता. कापड गिरणीच्या रंगखात्यात रंगारी होता. नाव आम्ही ठेवलेलं. कुणी "आज तब्येत छान दिसतेय" म्हटलं, तर हा विचारायचा, "का म्हणतोस?"

शेजारच्या हौदावर मी सव्वीस वर्षं काढली. तो काम कसं करायचा ते आधी सांगतो. कापड बाराव्या मिनिटाला काठीनं उलटायचं असेल तर तो बाराव्याच मिनिटाला उलटायचा. आम्ही पंधराव्याला. रंग चढला की नाही, हे ओल्या कापडावर तो कधीच ठरवायचा नाही. म्हणायचा, "ओलं कापड खोटं बोलतं." कोपरा कापायचा, वाफेच्या नळावर वाळवायचा आणि तो तुकडा तीन ठिकाणी धरायचा: दिव्याखाली, दारात, आणि माळ्यावरच्या उत्तरेच्या खिडकीशी. दिव्याखाली जुळलेले दोन निळे खिडकीशी वेगळे निघतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण माळ्याला एकोणीस पायऱ्या. दिवसातून दहा वेळा चढायचा तो एकटा. त्यापायी गुडघे गेले.

आमचा जुना मुकादम दम्यानं घरी बसला, तेव्हा जागा रिकामी झाली. मुकादमाला खुर्ची असते, हौदावर उभं राहावं लागत नाही. डॉक्टरनं तपासनिसाला सांगितलं होतं, अशीच आणखी पाच वर्षं उभा राहिलास तर काठी हौदात नाही, हातात येईल. जागा त्यालाच मिळणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. त्याला सोडून.

त्याच आठवड्यात नव्या साहेबांनी सगळ्यांना एक कागद वाटला. तीस वाक्यं. प्रत्येकापुढे 'पटतं' किंवा 'पटत नाही' लिहायचं. शेवटी एक आडवी रेघ, एका टोकाला 'डावे', दुसऱ्याला 'उजवे'. उत्तरांवरून प्रत्येकाचा ठिपका त्या रेघेवर पडणार.

"आपले विचार कुठे बसतात ते आपल्यालाच कळावं, एवढंच," साहेब म्हणाले. "परीक्षा नाही ही."

"परीक्षा नाही, मग वर नाव कशाला?" तपासनिसानं विचारलं.

साहेब हसले. शनिवारपर्यंत कागद परत हवा, एवढं सांगून गेले.

युनियनचा पुढारी दुपारी हौदाशी आला. "दादा, सगळ्यांनी डावीकडे ठिपका पाडायचा ठरलंय. एकी दिसली पाहिजे."

"मग तो माझा ठिपका कसा?"

"कुंपणावर बसून किती दिवस काढणार?"

"मी बसलोच कुठे? सकाळपासून उभा आहे."

पुढारी गेल्यावर तपासनीस मला म्हणाला, "एकाला नाव हवंय, दुसऱ्याला एकी हवीय. मला काय वाटतं ते दोघांनाही नकोय."

त्याची मुलगी कॉलेजात शिकत होती. तिच्याकडून त्यानं कागदाच्या आणखी दोन प्रती काढून घेतल्या आणि 'डावे', 'उजवे' यांचा अर्थही समजून घेतला. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच होतो. ती म्हणाली, "बाबा, ढोबळ सांगायचं तर, श्रीमंत-गरिबातलं अंतर सरकारनं कमी करावं म्हणतात ते डावीकडे. ज्याचा धंदा त्याच्या हाती राहू द्या, जुनी घडी मोडू नका म्हणतात ते उजवीकडे. काही जण आणखी एक उभी रेघ काढतात. सत्तेनं माणसाला किती दाबावं, त्याची."

"म्हणजे एका रेघेत मावत नाही, हे त्यांनाही माहीत आहे," तो म्हणाला. "रंगसुद्धा एका मापात सांगता येत नाही. छटा वेगळी, गडदपणा वेगळा, चमक वेगळी."

आतून वहिनी म्हणाल्या, "तीस वर्षं संसार केला, हा माणूस मत कुणाला देतो ते मला कळलं नाही. विचारलं की म्हणतो, पेटीला सांगितलंय. आता कागदाला कळणार म्हणे!"

त्यानं तो कागद तीनदा भरला. एकदा पाळीआधी, ताज्या डोक्यानं. एकदा पाळी सुटल्यावर, गुडघे ठणकत असताना. एकदा सुट्टीच्या दिवशी, मेहुण्याच्या दुकानात बसून. मुलीनं ठिपके काढले, तेव्हाही मी तिथंच होतो. पहिला मधोमध. दुसरा पार डावीकडे. तिसरा बराच उजवीकडे.

"बाबा, तुम्ही तीन माणसं आहात," ती हसून म्हणाली.

त्याला हसू आलं नाही. त्यानं तिन्ही कागद शेजारी मांडले आणि तिन्ही वेळा सारखं राहिलेलं उत्तर तेवढं खुणावलं. तीसमधली सात निघाली. आजारी कामगाराची जागा राखून ठेवावी: पटतं. स्वतः उभं केलेलं दुकान कुणी हिसकावू नये: पटतं. कुणी कुणाची पूजा करावी हे सरकारनं ठरवावं: पटत नाही. अशी सात.

"ही माझी," तो म्हणाला. "बाकीची थकव्याची, नाहीतर मेहुण्याची. आता यांचा ठिपका काढ."

मुलीनं सातही उत्तरं बोटानं मोजली. "तीन डावीकडची, दोन उजवीकडची, दोन कुठलीच नाहीत. ठिपका काढता येईल बाबा, पण तो तुमचा असणार नाही."

"मग काढू नकोस."

मी म्हणालो, "अरे, वेडा आहेस का? जागेचा प्रश्न आहे. तेवीस मोकळी सोडलीस तर साहेबाला वाटेल लपवतोयस. भर की काहीतरी!"

"कच्चा रंग पक्का म्हणून पाठवायचा?"

"गुडघ्यांकडे बघ."

"बघतोय."

शनिवारी त्यानं सात उत्तरांचा कागद दिला. रिकाम्या जागांखाली एक ओळ लिहिली होती: 'ही अजून वाळलेली नाहीत.' साहेबांनी वाचलं आणि कागद गठ्ठ्याच्या तळाशी घातला. पुढाऱ्यानं खात्यात सांगितलं, तपासनीस फितूर झाला. दोघांनाही एकच माणूस खटकला, एवढी एकी मात्र झाली.

पंधरा दिवसांनी नवा मुकादम जाहीर झाला. तो मी.

मी तीसही भरली होती. पुढाऱ्याला सांगितलं होतं डावीकडे, आणि भरली होती साहेबांना आवडतील अशी. कागदामुळेच जागा मिळाली का? साहेब नाही म्हणाले. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले. तपासनिसाला हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आता खुर्चीवरून घड्याळ दिसतं ना? मग बाराव्या मिनिटाला हाक मार. पंधराव्याला नको."

मी हाक मारत राहिलो. खुर्चीही त्याला देऊ केली, बऱ्याचदा. तिच्याकडे बघून तो नाही म्हणायचा. आणखी नऊ वर्षं तो हौदावर उभा राहिला, एकोणीस पायऱ्या चढला, शेवटची दोन वर्षं कठड्याला धरून. मुलगी म्हणत होती, शिल्लक पैशांत आधी गुडघ्यांचं बघा.

निवृत्त झाल्यावर त्यानं घराची मागची भिंत फोडून घेतली. गवंडी आणि सुतारावर सगळी शिल्लक गेली. तिथं आता उत्तरेची एक मोठी खिडकी आहे, तळमजल्यावर. खिडकीपर्यंत एकही पायरी नाही. शेजारी स्टूल ठेवलंय. त्यावर बसून तो वर्तमानपत्र वाचतो, आणि मग तेच पान संध्याकाळी दिव्याखाली पुन्हा वाचतो.