शिट्टी वाजली की

बहात्तरच्या दुष्काळात मी दगडाच्या खाणीवर खडी फोडायला जायची. सुरुंग उडवायच्या आधी मुकादम शिट्टी मारायचा, आणि आम्ही बायका लांब पळून पालथ्या पडायचो. एकदा शिट्टी उशिरा वाजली आणि माझ्या शेजारची बाई गेली. मला खरचटलंसुद्धा नाही बघा.

पुढं आम्ही सोलापुरात, भवानी पेठेत आलो. मला मुलगी झाली. पण रस्त्यात पोलिसानं शिट्टी मारली तरी मी जमिनीवर पालथी! एकदा पोर कडेवर असतानाच पडले. ती माझ्याखाली दबली, रडायचा आवाजही येईना. वाचली, पण त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटायला लागली. मी तिला उचलेचना. सासूबाईंनी लिंबू उतरवलं, गल्लीतल्या पोरांच्या शिट्ट्या काढून घेतल्या. भीती वाढतच गेली.

शेवटी नवऱ्यानं सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुरुंगाच्या त्या दिवसाची हकिगत माझ्याकडून पुन्हापुन्हा वदवून घेतली. म्हणाले, "तुमचं मन अजून खाणीतच आहे. शिट्ट्या लपवल्या की त्याला धोका खराच वाटतो." मग शिट्टी पुढं ठेवली. "तुम्हीच वाजवा. हळू."

"नगं डॉक्टरसाहेब, मरंन की मी!"

नवरा म्हणाला, "माझ्यावर वरडतीस, त्याच्या निम्मा जोर लाव की."

कित्येक महिने मी रोज वाजवत होते. मग एके दिवशी पोरीला कडेवर घेतलं आणि नवऱ्याला म्हटलं, वाजवा. घाम फुटला, पण मी उभी राहिले. पोरीच्या दंडावर मात्र माझी पाचही बोटं उमटली होती.