वहिनीनं न सांगितलेला शब्द

रेखाचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये आठवीचे चाचणीचे पेपर तपासत बसले होते. रेखा म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. "आत्या, आई गेली," एवढंच म्हणाली. आणि मी विचारलं, "कुठं गेली?" आज लिहितानाही अंगावर काटा येतो, पण खरंच तसंच विचारलं मी. कारण गेल्या वर्षभरात वहिनी कुठंही जायला लागली होती. कधी शेजारणीबरोबर बिलोलीला कुणाच्या तरी लग्नाला, कधी एकटीच उठून देवणीला माहेरी, कधी न कळवता माझ्याकडे लातूरला. मला वाटलं, गेली असेल, येईल संध्याकाळपर्यंत. पलीकडून रडण्याचा आवाज आला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पेपरांचा गठ्ठा तसाच टेबलावर टाकला आणि नांदेडची गाडी धरली.

कमलवहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते. आमचं गाव शिरूर अनंतपाळजवळ, शेत अजून तिथंच आहे, बटईनं कसायला दिलेलं. दादा पुढे सरकारी नोकरीत लागला आणि दोघं नांदेडला राहायला गेली. माझा दादा म्हणजे मूग गिळून बसलेला माणूस. लहानपणी आई त्याच्या वाटचं बोलायची, लग्न झाल्यावर ते काम वहिनीकडे आलं. "ह्यांना वांगं चालत न्हाई." "ह्यांचं डोकं दुखून राहिलंय, जरा हळू बोला." डॉक्टरनं दादाला विचारावं, कुठं दुखतंय, तर उत्तर वहिनीनं द्यावं, आणि तेच बरोबर निघावं! दादा नुसती मान हलवायचा. आम्हाला कुणालाच यात काही वावगं वाटायचं नाही. उलट पाहुणेरावळे म्हणायचे, जोडा कसा छान जमलाय.

दर साली एक शब्द घ्यायचं ते खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं, देव जाणे. मोबाइलवर कुठंतरी पाहिलं असेल. त्याआधी ती चारचौघींसारखी नव्या सालाचे संकल्प करायची. पहाटे फिरायला जायचं, चहात साखर घालायची नाही, कुणावर चिडायचं नाही. संक्रांतीपर्यंत त्यातलं काही शिल्लक राहत नसे. मग एका येळवशीला तिनं शेतात सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. येळवस म्हणजे आमची वेळ अमावस्या. इंग्रजी साल सरायच्या सुमारास येते आणि त्या दिवशी इकडे घरात माणूस सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची खोप, म्हणजे कोपी करून तिच्यात पाच दगडांचे पांडव पुजायचे, पिकावर आंबील शिंपडायची, शेंगा-भाज्यांची भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांवर ताव मारायचा आणि मग बाभळीच्या सावलीत आडवं व्हायचं. आम्ही सगळे असे सुस्तावलेलो असताना वहिनी म्हणाली, "संकल्प मोडला की माणूस सालभर सवताला शिव्या घालतंय. त्यापरीस एकच शब्द घ्यावा. तेवढा सांभाळायचा. दिवसातनं एकदा ध्यानात आला तरी लई झालं." दादा तोंडावर टॉवेल टाकून पडला होता. टॉवेलखालून "हं" आलं.

पहिल्या सालचा शब्द होता "हो". कुणी काही म्हटलं की आधी हो म्हणायचं. आता सांगा, असं करतं का कुणी? कॉलनीतल्या भिशीची सगळी उस्तवार तिच्या गळ्यात पडली. शेजारचे यात्रेला गेले ते त्यांचं मांजर हिच्याकडे सोडून, आणि परत आल्यावर मांजर काही त्यांच्याकडे जाईना. मी चिडून म्हणाले, "वहिनी, जरा डोकं वापर की." तर म्हणाली, "हो." हसावं का कपाळाला हात लावावा, कळेना. पुढच्या एका सालचा शब्द "अर्धं". त्या वर्षी तिनं प्रत्येकाच्या ताटात अर्धी भाकरी वाढायची, अर्धी वाटी भाजी, अर्धा कप चहा. नेमके रेखाचे सासू-सासरे पहिल्यांदाच जेवायला आले होते. व्याह्यांच्या ताटात अर्धी भाकरी! त्या माणसांनी ते इतकं मनाला लावून घेतलं, की विहीणबाई कित्येक महिने रेखाच्या माहेरचं नाव काढीनात. रेखा आईवर भडकली. वहिनीचं म्हणणं निराळंच होतं. "अर्धं वाढलं की माणसाला परत मागावं लागतं. मागायचं म्हणलं की बोलावं लागतंय." या बोलण्याचा रोख कुणाकडे होता, ते तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. आता वाटतं, विहीणबाईंकडे तर नक्कीच नव्हता…

गेल्या येळवशीला मात्र वहिनी काही बोलेना. जेवणं झाली, आम्ही वाट बघतोय. शेवटी रेखा म्हणाली, "आई, यंदाचा शब्द?" वहिनीनं पदर खोचला आणि भांडी गोळा करायला लागली. "घेतलाय. पण यंदा सांगणार न्हाई. साल सरलं की सांगते." आम्ही तिला खूप छळलं. रेखानं शपथ घातली, मी धमकी दिली, पुढच्या येळवशीला येणारच नाही म्हणून. ती ढिम्म हलली नाही.

त्या सालात वहिनी बदलली. एकदम नाही, पण बदलली. दादाचे कपडे काढून ठेवणं बंद केलं. सकाळचा चहा ज्याचा त्यानं करायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दादाच्या वाटचं बोलणं तिनं थांबवलं. कुणी घरी येऊन विचारलं, "काय साहेब, तब्येत कशी आहे?" की वहिनी मान वळवून दादाकडे बघत बसायची. दादा वहिनीकडे बघायचा. आलेला माणूस दोघांकडे बघायचा. मी एकदा अशा वेळी तिथं होते, उगाच चहाचे कप गोळा करायला लागले. बऱ्याच वेळानं दादा म्हणाला, "बरी हाय." आणि उठून आत गेला. मग वहिनीचं गावं फिरणं सुरू झालं. दोन-दोन दिवस घरी नसायची. दादा भाकरी थापायला शिकला, म्हणजे तशी वेळच आली त्याच्यावर. कॉलनीत कुजबुज व्हायला लागली, या वयात या दोघांचं काय बिनसलं असेल म्हणून.

उन्हाळ्यात ती लातूरला माझ्याकडे आली होती. गच्चीवर आम्ही दोघी कुरडया वाळत घालत होतो. मी म्हटलं, आता तरी सांग बाई तो शब्द, माझ्या पोटात दुखायला लागलंय. ती हसून म्हणाली, "ओळखा की. गणिताच्या बाई तुम्ही." मी सुरू झाले. मोकळीक? नाही. प्रवास? नाही. पुरे? नाही. मी वैतागले आणि विचारलं, "दादाचं काय करायचं ठरवलंयस तू?" तिनं सोऱ्या खाली ठेवला. "त्यांना बोलता येतंय, शालूबाई. मी ऐकलंय." मी विचारलं, कधी? "मला बघायला आले होते तवा. लई बोलले. माझ्याच्यानं मधी बोलवंना, एवढं." इतकं बोलून ती पुन्हा कुरडया घालायला लागली. माझ्या दादाबद्दलच बोलतेय ना ही, असं वाटून गेलं.

मग दिवाळी झाली, आणि ती गेली.

रेखाचं म्हणणं, आईला आतून कळलं होतं. "बाबांना तयार करून राहिली होती ती, आत्या. चहा, भाकरी, बोलणं… सगळं." ऐकायला किती बरं वाटतं हे. मीही आठ-दहा दिवस तेच धरून बसले होते. पण डॉक्टर सांगतात, आधी काही लक्षणच नव्हतं. आणि मरणाची चाहूल लागलेली बाई पुढच्या उन्हाळ्यासाठी माझ्याकडून कुरडयांचा सोऱ्या मागून घेईल का? भाऊबीजेला गेले होते तेव्हा तिनं तो माझ्या पिशवीतून काढून ठेवून घेतला. दुसऱ्या बाजूनं माझंच मन म्हणतं, थकली असेल बिचारी. दुसऱ्याच्या वाटचं आयुष्यभर बोलायचं म्हणजे काय चेष्टा आहे? सोडून दिलं असेल तिनं त्याला, घरात राहूनच. हे मनात आलं की दादाकडे बघवत नाही. एखाद्या दिवशी वाटतं, या सगळ्याला काही अर्थच नसेल, कुठलातरी साधाच शब्द असेल, "चल" नाहीतर "बघू". आपणच उगाच त्याच्यात तिला शोधतोय. वर्गात समीकरण मांडताना मी पोरांना सांगते, एक गोष्ट अज्ञात असली तरी बाकीच्यावरून ती काढता येते. इथं बाकीचं सगळं ठाऊक आहे आणि तरी काही निघत नाही.

तेराव्याच्या दिवशी सगळे पांगल्यावर दादा माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "तुला तर सांगितला असंल ना तिनं?" मला क्षणभर कळलंच नाही. "शब्द. तुमी दोघी बोलत होता सारख्या." मी नाही म्हटलं. "मला वाईट वाटू नये म्हणून सांगंना झालीस का?" तो म्हणाला. मी पुन्हा नाही म्हटलं. त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं, हा माणूस दुसरं काहीच शोधत नाहीये. शेवटच्या सालात बायको आपल्याला कंटाळली होती का, एवढंच त्याला हवंय. आणि ते सांगू शकणारी एकच बाई होती.

यंदा आमच्या घरात सण नव्हता. तरी येळवशीच्या आदल्या दिवशी शेजारच्या शेतातल्या मंडळींनी निरोप पाठवला, पूजा आम्ही करतो, तुम्ही नुसते या. रेखा म्हणाली जाऊया, नाहीतर बाबा घरात भिंतीकडे बघत बसतील. गेलो. त्यांनी वाढलेली भज्जी खाल्ली, आंबील प्यायलो. जेवणं झाली आणि दरवर्षीसारखी ती वेळ आली, जेव्हा वहिनी बोलायची. रेखा भांडी घासायच्या निमित्तानं विहिरीकडे निघून गेली. दादा यंदा आडवा झाला नाही. बसून होता.

"शालू," तो म्हणाला. "आज साल सरलं तिचं."

मला ते सहन होईना. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पायऱ्या न मांडता पोरांना कधी उत्तर दिलं नाही, पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, "सोबत. सोबत होता तिचा शब्द. मला म्हणाली होती."

दादानं माझ्याकडे बघितलं. असं त्यानं माझ्याकडे कधी बघितल्याचं आठवत नाही. मग त्याच्या ओठांच्या कडेला थोडं हसू आलं.

"न्हाई गं. असला गोड शब्द घेणारी बाई नव्हती ती. ह्यो तुझा हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी सारवासारव करायला लागले, तर त्यानं हात वर केला. "असू दे," तो म्हणाला. "तिचा काय होता, ते मला कळणार न्हाई. तुलाबी न्हाई. पण मला ह्ये साल काढायचं हाय… कुठल्यातरी शब्दावर काढावं लागंल. ह्यो बी चालंल." आणि परीक्षेआधी पोरं पुटपुटतात तसं त्यानं तो शब्द दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला. माझ्या डोळ्यांना धार लागली. बोलणं संपलं असं वाटून मी पदर सारखा करत उठायला लागले.

"आन् तुझा?" दादा म्हणाला.

हे मला इतकी वर्षं वहिनी विचारायची आणि दर वेळी मी हसून टाळायचे. दादानं कधीच काही विचारलं नव्हतं. कुणालाच नाही. मी म्हटलं, "मला नाही सुचलेला अजून."

"मग बस की," तो म्हणाला. "सुचंपर्यंत बसू."

मी पुन्हा खाली बसले. ऊन कलायला लागलं होतं. शेजारची मंडळी आवराआवर करून निघाली, रेखानं बांधावरून दोन-तीनदा हाका मारल्या. दादा हलला नाही. मलाही अजून काही सुचलं नव्हतं.