डागदर रात्र दाखवतात

शहरात नवा माणूस आला आणि कुठे जेवावं, कुठे बसावं, कुठे नाचावं असा त्याला प्रश्न पडला, की लोक त्याला लाँड्रीच्या मागच्या गल्लीत पाठवत. तिथे तीनचाकी सायकलगाडीला टेकून डागदर उभे असत. हे नाव लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्याने ठेवलं होतं आणि डागदरांना ते मनापासून आवडलं होतं.

काम साधं होतं. रोज सकाळी शहरभरच्या खानावळी, रेस्टॉरंटं, बार आणि नाचघरं फिरायची, आदल्या रात्रीचे मळके टेबलक्लॉथ आणि नॅपकिन गाठोड्यात बांधायचे आणि लाँड्रीत आणून टाकायचे. दुसरा कोणी असता तर नाक मुरडून गाठ मारून मोकळा झाला असता. डागदर मात्र प्रत्येक कापड उजेडात धरत. रात्री कोणी काय खाल्लं, किती सांडलं, हसता हसता कुणाच्या नाकातून सूप आलं, सगळं त्यांना कापडावर दिसे. निदान त्यांचा तसा दावा होता, आणि खोटं ठरवायला पुरावा धुऊन गेलेला असे.

"टेकडीवर जाऊ नका," ते पाहुण्याला बजावत. "तिथले टेबलक्लॉथ जसे जातात तसे परत येतात. याचा अर्थ काय? ताटात काही वाढतच नाहीत."

"मग कुठे जाऊ?"

"गोदीच्या गल्लीत. तिथे माणूस कोपरापर्यंत जेवतो. निळं शटर, खालच्या कोपऱ्यात पोचा आलेला. मासा मागवा."

"आणि नंतर जरा गाणंबजावणं?"

"स्टेशनमागे, कोंबड्याचं चित्र असलेलं शटर. पण शुक्रवारी नको. गेल्या शुक्रवारच्या नॅपकिनवर रक्त होतं."

"बाप रे! कुणाचं?"

"टोमॅटोचं नव्हतं, एवढंच सांगतो."

पाहुणा भारावून जाई. तो निळं शटर शोधत फिरला की कसंबसं विचारत पोचला, हे डागदरांच्या कानावर कधी आलं नाही. कारण त्या वेळी ते झोपलेले असत. सातला जेवण, साडेआठला अंथरूण, आणि पाठ टेकताच घोरणं, हा त्यांचा नेम लग्नाच्याही आधीपासूनचा. शहराच्या रात्रीबद्दल अधिकाराने बोलणाऱ्या या माणसाने शहराची रात्र एकदाही पाहिलेली नव्हती. यात लबाडी नव्हती. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण मध्ये मेहुणा आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दुसऱ्या शहरात बाथरूमच्या फरश्या विकून त्याने बरं बस्तान बसवलं होतं. आता त्याला इथे रेस्टॉरंट काढायचं होतं. फोनवर म्हणाला, "जागा कुठल्या भागात घ्यावी, कळत नाही. आणि मॅनेजर विश्वासाचा हवा."

बायकोने फोन दोन्ही हातांनी धरला. "अरे, घरात माणूस असताना बाहेर कशाला शोधतोस? तुझ्या भावजींशिवाय या शहरात रात्रीचं पान हलत नाही!"

डागदर पलीकडे मोजे काढत होते. त्यांनी मान डोलावली. मॅनेजर म्हणजे खुर्ची. गाठोडी उचलून त्यांची पाठ कामातून गेली होती आणि टेकडीचा चढ आला की गुडघे गाडीच्या आधी कुरकुरत. खुर्चीत बसून दुसऱ्याला "हे पूस, ते उचल" म्हणायचं, यापलीकडे त्यांना आयुष्याकडून आता काही नको होतं.

मेहुण्याची अट एकच होती. "भावजी, एक संध्याकाळ मला फिरवा. तुमचं शहर दाखवा. मग बोलून टाकू."

त्या दिवशी डागदरांनी दुपारी झोपून घ्यायचं ठरवलं. सवय नसल्याने डोळ्याला डोळा लागला नाही. मग त्यांनी वर तीन कप कॉफी घेतली, पण रात्रीची झोप जागच्या जागी राहिली. सातला, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी, तिघं घराबाहेर पडले.

गोदीच्या गल्लीच्या तोंडाशी डागदर थांबले. गल्ली दिव्यांनी उजळली होती. काचा, कुंड्या, पाट्या, बाहेर मांडलेली टेबलं, माणसांची झुंबड. डागदरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग वर पाहिलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"शटरं कुठे गेली?"

"अहो, हॉटेलं उघडी आहेत. शटरं वर आहेत."

निळं, हिरवं, गंजलेलं, पोचा आलेलं, अशी ही सारी गल्ली डागदरांना तोंडपाठ होती, पण बंद. उघडी गल्ली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"भावजी, पुढे?" मेहुणा उत्साहात होता.

"जरा थांबा. वातावरण घेऊ द्या अंगावर."

वातावरण बराच वेळ घेऊन झालं. दोनदा ते एका दुकानात शिरले. ते दुकान चपलांचं निघालं. शेवटी डागदरांना एक युक्ती सुचली. शटर वर गेलं तरी मागचं दार तर जागेवर असणार! "खरी जागा समोरून कळत नाही," असं म्हणत त्यांनी दोघांना मागच्या बोळात वळवलं. कचऱ्याचे डबे, सोललेल्या कांद्यांची पोती, एक झोपलेलं मांजर. डागदरांच्या जिवात जीव आला. मांजरही ओळखीचं होतं.

दार ढकलून ते थेट स्वयंपाकघरात घुसले. आचाऱ्याच्या हातातली कढई भडकलेली होती.

"आत्ता?" तो ओरडला. "आत्ता काय गाठोडं नेताय? लोक जेवतायत अजून!"

"आज गाठोड्याला नाही, जेवायला आलोय," डागदर ऐटीत म्हणाले.

"मग माणसासारखे पुढून या ना!"

पण तोवर तिघं वाफेतून वाट काढत बाहेरच्या खोलीत पोचलेसुद्धा होते. एका टेबलावर एक वयस्क जोडपं शांतपणे सूप पीत बसलं होतं. टेबलक्लॉथच्या कडेला सुपाचा मोठा डाग होता. डागदरांची नजर त्यावर गेली आणि पुढचं सगळं हातांनी केलं. मेंदूला त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी कापडाचा एक कोपरा उचलला, दुसरा उचलला, आणि सराईतपणे गाठ मारायला घेतली.

"अहो, आमचं जेवण!" बाई किंचाळल्या. सूप आजोबांच्या मांडीवर गेलं.

"सूप आहे," डागदर गांगरून म्हणाले. "गरम पाण्यात निघून जाईल."

पुढच्या दारातून ते गल्लीत पहिल्यांदाच आले ते असे, वेटरने खांद्याला धरून बाहेर काढताना.

रस्त्यावर येताच बायकोने पदर खोचला. "चल रे. हे राहू दे. भूक लागलीय मला."

तिने स्टेशनमागच्या नाचघराचा रस्ता एका फुलवालीला विचारला. दारावरचा धिप्पाड माणूस म्हणाला, जागा नाही. ती म्हणाली, "हा माझा धाकटा भाऊ. सकाळपासून उपाशी आहे. तुम्हाला आई आहे की नाही?" त्याला आई होती. खिडकीजवळचं टेबल मिळालं. सूप थंड आलं, तर तिने ते कुणाला राग येऊ न देता परत पाठवलं. दोन वेटर एकमेकांशी अबोला धरून होते, म्हणून ताटं अडकत होती. तिने दोघांना बोलावून विचारपूस केली आणि मुख्य जेवण येईपर्यंत समेट घडवून आणला. वादक तिला येऊन विचारून गेले, आवाज जास्त तर होत नाही ना.

"आमच्या यांना विचारा," ती म्हणाली.

आमचे हे ढोलवाल्याच्या शेजारी, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होते. नऊ वाजायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डागदर गाडी काढायच्या तयारीत असताना मेहुणा कॉफीचा कप घेऊन समोर बसला.

"भावजी, माझं ठरलं. जागा स्टेशनमागेच घेतो."

"मी तेच सांगणार होतो."

"आणि मॅनेजरही ठरला."

डागदर ताठ बसले. पाठीतून कळ आली, तरी ताठच राहिले.

"ताई," मेहुणा म्हणाला.

"कोण ताई?"

"तुमची बायको, भावजी."

"हिला काय कळतं रात्रीचं? ही कधी घराबाहेर तरी पडली आहे का?"

"काल पडली ना. तुम्ही झोपला होतात."

बायको ओट्याशी उभी होती. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती, आनंदही लपवलेला नव्हता. "कधीपासून यायचं रे?"

"पुढच्या महिन्यापासून. संध्याकाळी पाच ते रात्री बारा."

डागदरांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. खुर्ची गेली होती, तीही घरातल्या घरात. पण त्याहून मोठं संकट त्यांना आत्ता दिसलं.

"आणि माझं सातचं जेवण?"

"अख्ख्या गावाला सांगता ना, कुठे काय चांगलं मिळतं ते," बायको म्हणाली. "तिथे जाऊन जेवा."

डागदरांनी थोडा विचार केला. "गोदीच्या गल्लीत जाऊ?"

"तिथे नको," ती म्हणाली. "तिथल्या आजोबांची पँट अजून वाळायची आहे."