भिंतीला टेकून उभा राहणारा भागीदार

शाळेची नोकरी सांभाळून घर विकायचा धंदा करायला निघाले, हा माझा पन्नाशीतला शहाणपणा. जळगावच्या पिंप्राळ्यात एक जुनं घर घेऊन, दुरुस्त करून विकायचं, असं नळाच्या सामानाचं दुकान असलेल्या एका ओळखीच्याबरोबर ठरवलं. आठवडाभर मी धुळ्यात, देवपूरच्या शाळेत मुलांच्या वह्या तपासायची आणि रविवारी एसटीने जळगावला येऊन भागीदाराला तपासायची. स्वतःला भलतीच हुशार समजत होते!

माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार असायचं, "अक्का, बठ्ठं काम पक्कं शे!" म्हणजे सगळं काम पक्कं आहे. खुर्ची दिली तरी बसायचा नाही. स्वयंपाकघरातल्या एकाच भिंतीला पाठ लावून उभा. निघताना शर्टाला पांढरा चुना. मला वाटायचं, बिचारा दमतो. मग वाटायला लागलं, हा टेकत नाही, झाकतोय. एकदा तो फोन घेऊन बाहेर गेला, तेव्हा मी भिंतीला हात लावला. ताज्या चुन्याखाली गार ओल होती.

पुढच्या रविवारी एक जोडपं घर बघायला आलं. बाईच्या कडेवर बाळ. याने 'शाळेतल्या बाई' म्हणून माझी ओळख करून दिली आणि त्याच भिंतीला टेकला. माझ्याकडे बघून हसला. मी छताकडे बघत राहिले. घर त्यांनाच विकलं गेलं.

पावसाळ्यानंतर ती बाई एका लग्नात भेटली. भिंतीला बुरशी आली होती, बाळाचा खोकला हटत नव्हता. मी लगेच भागीदाराच्या नावाने बोटं मोडायला लागले.

ती म्हणाली, "त्यांच्यावर आमचा भरवसा नव्हताच, बाई. तुम्ही शाळेतल्या, काही असतं तर बोलल्या असतात, म्हणून घेतलं."