जुझेप्पेचा निरोप

लॉकडाऊनमध्ये लोकांच्या घरी पीठ साठलं, हॉलंडमधल्या आमच्या आइंडहोवनच्या टीमकडे किस्से साठले. कारण एकच, आमचा इटालियन टीम लीड जुझेप्पे. कामात चोख, पण निरोप म्हणून काही घेता येत नाही.

मीटिंग संपली की डच मंडळी "दूई" म्हणून स्क्रीनवरून गायब. जुझेप्पेचं मात्र "चाव, चाव, चाव, चाव" चालूच. ऐकायला उरायचो मी आणि पुण्याचा सचिन.

"याला आपल्यात घेऊन टाका," सचिन म्हणाला. "आपल्याही गप्पा चपला घातल्यावरच रंगतात."

*

शुभेच्छा तर उठता-बसता. जेवायला निघालं की "बुओन आपेतीतो", कामाला बसलं की "बुओन लावोरो". सचिन कोविड टेस्टला निघाला तेव्हाही तो "बुओन..." म्हणाला आणि अडकला. नाकात काडी घालून घेणाऱ्याला काय चिंतावं, हे त्यालाही सुचेना.

*

सचिनच्या ड्रायव्हिंग टेस्टला त्याने आशीर्वाद दिला, "इन बोका आल लुपो." म्हणजे, जा लांडग्याच्या तोंडात. सचिन सभ्यपणे थँक्यू म्हणाला. जुझेप्पेने कपाळावर हात मारला.

"थँक्यू म्हणतात का कधी! 'क्रेपी' म्हण. मरो तो लांडगा."

सचिन नापास झाला. पार्किंगचा त्यात काही दोष नव्हता, असं जुझेप्पे आजही सांगतो.

*

मग तिकडे इटलीत जुझेप्पेची आई कोविडने हॉस्पिटलमध्ये गेली. भेटायला बंदी, नर्स कानाशी फोन धरायची. एकदा फोन ठेवताना आई "आद्दिओ" म्हणाली. पुन्हा भेट नाही असं वाटतं, तेव्हाच त्यांच्यात हा शब्द निघतो. सांगताना त्याने कॅमेरा बंद केला.

सचिन म्हणाला, "आमच्याकडे निघताना कोणी 'जाते' म्हणालं, तर घरचे ओरडतात. 'येते' म्हणायला लावतात. तूही ओरड."

जुझेप्पे दुसऱ्या दिवशी खरंच आईवर ओरडला. 'येते' शिकवलंसुद्धा.

आई म्हणाली, "ताप मला आलाय आणि बरळतोयस तू."

*

सीमा उघडल्यावर तो गावी गेला, तिथूनच काम करू लागला. एका सोमवारी मीटिंग संपली. डच मंडळी गेली, "चाव, चाव" सुरू झालं. तेवढ्यात शाल पांघरलेली एक बारकीशी म्हातारी त्याच्या शेजारी येऊन बसली. आम्हाला बघून तिने हात हलवला.

"येते," म्हणाली.

आणि तिथेच बसून राहिली.